तिसऱ्या जोडीचं माप

"रकाना रिकामा दिसला तर मी ओरडेन. न घेतलेलं माप लिहिलेलं सापडलं तर ओरडतसुद्धा बसणार नाही, सरळ बाहेर काढीन," असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाई भूशास्त्र शिकवायच्या. पायात कायम मातीने माखलेले बूट, आणि आवाज असा की मागच्या बाकावरच्यांची झोप उडावी. सगळा वर्ग गंभीर झाला. वहिनी मात्र मनात हसली. वर्गात लग्न झालेली ती एकटीच, म्हणून सगळ्यांची वहिनी. दीड वर्षाच्या लेकाला सासूबाईंच्या स्वाधीन करून, तीन वर्षांच्या खंडानंतर ती पुन्हा विद्यापीठात आली होती. खोटं लिहायला इथे वेळ कुणाला आहे, असं तिला वाटलं. खोटं लिहायला खऱ्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

पर्यावरण आणि भूशास्त्र असा तो जोड अभ्यासक्रम होता. निम्मा वर्गात, निम्मा उन्हात. विद्यापीठामागच्या टेकडीच्या उताराला एक लांबलचक भेग पडली होती. तिच्या अल्याड एक आणि पल्याड एक अशा लोखंडी खुंट्या ठोकायच्या, दर सोमवारी त्यांच्यातलं अंतर पोलादी टेपने मोजायचं आणि वहीत लिहायचं. अंतर वाढलं की समजायचं, उतार सरकतोय. अशा तीन जोड्या होत्या. पहिल्या दोन कंपासकडे. ही वर्गातली लांब तंगड्यांची, कडक शिस्तीची मुलगी, म्हणून ते नाव. तिसरी वहिनीकडे.

तिसऱ्या जोडीच्या बरोबर खाली शिंपीकाकांचं घर होतं. मागची खोली उताराला पाठ टेकून बसलेली, तिच्यातच त्यांचं मशीन आणि त्यांची खाट. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि बोलायला माणूस मिळालं की काका सोडत नसत.

"काय म्हणतोय आमचा डोंगर?" ते खालून ओरडायचे.

"झोपलाय काका. घोरतसुद्धा नाही!"

चारशे बारा. चारशे बारा. चारशे तेरा. आठवड्यांमागून आठवडे मिलिमीटरभर हालचाल. घरी दिवसाला बोटभर वाढणारं पोर आणि इथे ही सुस्त टेकडी.

मग भुंग्याचा कान दुखायला लागला. भुंगा म्हणजे तिचा लेक. सदा गुणगुणत असतो म्हणून ते नाव. आता गुणगुण गेली आणि रडणं आलं. त्या सोमवारी ती डॉक्टरकडे बसून राहिली. पुढच्या सोमवारी पुन्हा ताप. वही द्यायची वेळ आली तेव्हा तिने ओट्यावर कोपर टेकून दोन रकाने भरले. चारशे चौदा, चारशे तेरा. दुसरा आकडा मुद्दाम एकाने कमी लिहिला. सगळे आकडे सरळ चढत गेले की खोटे वाटतात, एवढी अक्कल शिक्षणाने आली होती.

औषधाच्या दुकानात शिंपीकाका भेटले. "या वेळी दिसली नाहीस वर?"

"सकाळी येऊन गेले काका. सगळं जैसे थे."

तोंडातून गेलं ते गेलं.

बुधवारी बाईंनी तिन्ही जोड्यांचे आकडे फळ्यावर मांडले. दुसऱ्या जोडीपाशी खडू थांबला. "पंधरवड्यात अकरा मिलिमीटर? कंपास, नीट मोजलंस ना?"

"दोनदा मोजलं बाई."

"मग तिसरी बघू." बाईंनी वहिनीची वही चाळली. "ही त्याच भेगेवर, दहा पावलांवर, आणि ही जागची हललेली नाही. म्हणजे तुझ्या खुंटीला कुणाचा तरी पाय लागलाय. पुन्हा ठोक ती."

"पण बाई..."

"अगं, वहिनीनेही मोजलंय ना?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. वहिनीने मान डोलावली. आपली मान आपल्याला न विचारता हलते, हे तिला तेव्हा कळलं.

तास कसा संपला, ठाऊक नाही. एकदा वाटलं, बाईंना गाठावं. एकदा वाटलं, आधी आपण मोजून तर बघू, उगाच कशाला बोभाटा. घरी आली तर सासूबाई दारातच. "घे बाई तुझा राजा. सकाळपासून कडेवरून उतरला असेल तर शपथ."

"आई, अजून अर्धा तास..."

"माझ्या कमरेला विचार!"

तिने भुंग्याला कडेवर घेतलं, टेप पिशवीत टाकली आणि उतार चढायला लागली. घामाघूम होऊन पोचली. पोराला दोन गुडघ्यांत धरून टेप ताणली.

चारशे एकतीस.

चुकलं असेल. भुंगा टेप ओढत होता. त्याच्या हातात पिशवीचा बंद दिला, श्वास धरून पुन्हा मोजलं. चारशे एकतीस. भेगेत तिचा हात मनगटापर्यंत गेला. आत गार होतं.

ती जवळजवळ घसरतच खाली आली. काका मागच्या खोलीत मशीनवर होते, शाळेच्या गणवेशांचा ढीग शेजारी. "ये ये! आज धाकटे साहेब पण आलेत पाहणीला?"

"काका, ही खोली आत्ताच्या आत्ता रिकामी करा."

"का, भाडं वाढवतेस?"

"टेकडी सरकतेय. खरंच. भिंतीत काही फरक जाणवला का तुम्हाला?"

"भिंत ठीक आहे. दार तेवढं आठवडाभर अडकतंय. दमटपणाने फुगलं असेल म्हणून रंधा मारला."

तिने चौकटीकडे पाहिलं. दार फुगलं नव्हतं. चौकट तिरकी झाली होती. इतकी, की तिला शिकवलेलं सगळं एका नजरेत दिसलं.

"काका, ऐका हो माझं."

"ऐकतो की. पण परवा तर तूच म्हणालीस, जैसे थे."

"मी आले नव्हते." भुंग्याने तिचा कान पकडला होता, तो तिने सोडवला नाही. "दोन्ही सोमवारी आले नव्हते. ते आकडे मी घरी बसून लिहिले."

मशीन थांबलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे तेव्हा खोटं बोललीस आणि आज खरं बोलतेस."

"हो."

"आणि मी ओळखायचं कसं?"

तिने पिशवीतून फोन काढला.

तिथल्या तिथे बाईंना सगळं सांगून टाकलं. बाई एवढंच म्हणाल्या, "आकडा सांग." तासाभरात बाई आल्या, कंपास आली, दुसऱ्या दिवशी पालिकेची दोन माणसं येऊन भिंतीवर नोटीस चिकटवून गेली. कंपासने तिसरी जोडी स्वतः पुन्हा मोजली. बाईंनी तिला वर्गातून काढलं नाही, पण तिसऱ्या जोडीची वही काढून घेतली. "त्या पानावर आता तुझी सही चालणार नाही," म्हणाल्या. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं.

काकांनी खाट पुढच्या खोलीत हलवली. चार दिवस. पाचव्या दिवशी वहिनी बघायला गेली तर खाट पुन्हा मागे.

"पुढे उजेड नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. अन् झोप तर मागेच लागते."

"काका, कंपासने काल मोजलं, अजून चार मिलिमीटर..."

"तू सांगतेस म्हणून घाबरू, की तू सांगतेस म्हणून घाबरू नको?" ते हसले. वाईट हसले नाहीत. पण मशीन पुन्हा सुरू केलं.

नोटिशीने माणूस हलत नाही. बाई गेल्या तर "मॅडम, चहा घ्या" म्हणून वेळ मारून नेतात. कंपास आकडे सांगते, काकांना आकडे कळत नाहीत. वहिनीला कळतं काय सांगायचं ते, पण तिच्या शब्दाचं वजन तिनेच घालवलं. भुंगा झोपला की ती खिडकीत उभी राहते, तिथून उताराची फक्त वरची कड दिसते, आणि ती कड जागेवर आहे ना, हेच पुन्हा पुन्हा बघत बसते.

म्हणून तिचं तुमच्यापाशी एक मागणं आहे. टेकडीला पाठ लावून राहणारं असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. एकटं, हट्टी, कामात मान घातलेलं. एखादं कापड उसवलंय म्हणून जा, नाहीतर काहीही निमित्त काढा. तुम्ही त्याच्याशी अजून खोटं बोललेला नाहीत, तुमचं ते ऐकेल. बसा जरा, आणि काल कुठल्या खोलीत झोपलात, तेवढं विचारा. आजच विचारा.