प्रेमलताच्या वाट्याची भाकर

यमुताईंचं पाप शोधायला निघालं तर हाती काही लागणार नाही, असं सक्करदऱ्याच्या चर्चची सगळी मंडळी म्हणायची, आणि यमुताईंनाही ते मनोमन पटलेलं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. त्याचा द्राक्षरस त्यांच्याच घरी, काळ्या मनुका उकळून, पांढऱ्या फडक्यातून गाळून व्हायचा. त्या फडक्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

त्याहून खपत नसे धाकटी बहीण प्रेमलता. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा ही बया एका बायकोपोरं असलेल्या माणसाबरोबर रायपूरला पळून गेली. आईचं हगणंमुतणं यमुताईंनी काढलं, त्यापायी स्वतःचं ठरत आलेलं लग्न मोडलं, आणि आई मेली ती लताचंच नाव घेत. हे शेवटचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते घशाखालीही उतरलं नव्हतं.

आता त्या माणसानं टाकलेली, कॅन्सरनं खंगलेली प्रेमलता परत येऊन तलावामागच्या एका खोलीत पडली होती. यमुताई शेजारणीच्या हाती डबा धाडायच्या, स्वतः जायच्या नाहीत.

"एकदा भेटून या, यमुताई," चर्चचे पाळक सुमंत म्हणाले.

"तिनं आधी मंडळीपुढं उभं राहून माफी मागावी. मी काहून जाऊ? मी काय केलं?"

"तिले उभं राहता येत नाही."

"मग बसून मागू द्या."

पहिला रविवार आला. भाकर मोडण्याआधी पाळकांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, ज्याचं कुणाशी बिनसलं असेल त्यानं आधी समेट करावा. लोकांनी बाकांवरून वाकून एकमेकांचे हात हातात घेतले. यमुताईंनीही आजूबाजूच्या साऱ्यांचे घेतले. चर्चमध्ये आलेल्यांपैकी कुणाशी त्यांचं वाकडं नव्हतं, आणि न आलेल्यांचा हिशेब त्यांनी कधी धरलाच नव्हता. निर्मळ मनानं त्यांनी भाकर खाल्ली, रस घेतला.

उपासनेनंतर रसाचे छोटे पेले धुता धुता त्यांनी पाळकांना विचारलं, "आजाऱ्यांना भाकर नेता, लताले दिली का नाही?"

"कितीदा नेली. घेत नाही."

"कशी घेईल? मन खात असंल."

"तसं नाही, ताई. ती म्हणते, माझ्या ताईच्या मनात माझ्याबद्दल राग आहे. आधी ताईले येऊ द्या, आमचं मिटू द्या. तोवर मी हात लावला तर ते खोटं होईल."

यमुताईंचा हात पाण्यातच राहिला. खरं सांगायचं तर आधी त्यांना संतापच आला. मरता मरताही हीच वरचढ! मग ध्यानात आलं. आपण तर महिन्यामागून महिने बेधडक घेत आलो होतो.

"चला," त्या म्हणाल्या.

खोलीत प्रेमलता तापानं फणफणलेली होती, नुसती हाडं उरली होती.

"लता, मी आली वं."

प्रेमलतानं त्यांच्याकडं पाहिलं. "बसा बाई," ती अदबीनं म्हणाली आणि पाळकांकडं वळली. "आजही भाकर आणली का? थांबा ना जरा. ताई नाही आली अजून."

"हीच तर तुझी ताई."

"काहून गंमत करून राहिले, पाळकसाहेब? ताई माझ्या घरी नाही येत."

यमुताईंनी तिचा हात धरला आणि त्यांना रडू फुटलं. "मले माफ कर, लता. आईनं शेवटी तुलेच हाक मारली, तो राग मी तुह्यावर काढला."

प्रेमलतानं परक्या बाईला थोपटावं तसं त्यांना थोपटलं. "रडू नका बाई. तुमचंही कुणाशी बिनसलं का? वेळ हाय तोवर जाऊन मिटवून घ्या."

पाळकांनी भाकर परत गुंडाळली.

यमुताई तिथून हलल्या नाहीत. तोंडात पाणी घालत, कूस बदलत, पुन्हा पुन्हा नाव सांगत राहिल्या. बाहेर कुणाचं पाऊल वाजलं की प्रेमलता त्यांच्यावरून नजर काढून दाराकडं मान वळवायची आणि विचारायची, "ताई आली का?"

मंगळवारी दुपारी श्वासासोबत तिचं विचारणंही थांबलं.