तापीतला खुंट

प्रकाशा गावाच्या खाली तापीवर तेव्हा पूल नव्हता, निजामची होडी होती. हा निजाम नावाडी मनाने सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप. मनातलं चार माणसांना सांगितलं असतं तर याचं काय जाणार होतं?

नदीच्या मधोमध वाळूचं बेट होतं. उन्हाळ्यात तिथे टरबुजांच्या वाड्या लागत. त्या वर्षी निजामची लेक रशिदा, पोटुशी असताना, नवऱ्याबरोबर तिथे झोपडी करून राहिली होती. शेजारच्या वाडीत म्हातारी हिरीबाई एकटीच होती. रशिदाला तीच जेवायला लावी, तीच पाय चेपून देई.

पण बेटाच्या वरच्या टोकाला तापीने नवी वाट फोडली होती आणि त्या वाटेचं तोंड वाळू खात रुंद होत होतं. काठावरून वाळूचं अंतर काही कळत नाही. म्हणून निजामने त्या तोंडापासून थोडं आत बाभळीचा खुंट रोवला आणि लांबून दिसावं म्हणून त्याला लाल फडकं बांधलं. खुंट पडला की पोरीला उचलून आणायचं, असं त्याने ठरवलं. हे सांगितलं मात्र कुणालाच नाही. पोर उगाच घाबरेल म्हणे! रोज सकाळी तो काठावरून बघे, फडकं दिसलं की निवांत होडी सोडे.

वैशाख सरता सरता वरच्या अंगाला आभाळ भरून आलं. तापी गढूळ झाली. उतारू म्हणाले, "निजामभाऊ, पोरले आजच काढी आन."

त्याने बेटाकडे पाहिलं. फडकं होतं.

"अजून येळ शे," तो म्हणाला आणि आणखी एक खेप करून आला.

परत येऊन बघतो तर फडकं नाही. निजामने उतारूंना तसंच काठावर सोडलं आणि होडी बेटाकडे घातली. जवळ गेल्यावर त्याला दिसलं, निम्मं बेट उरलंच नव्हतं. वाड्या गेल्या होत्या, पाणी झोपडीच्या कुडाला लागलं होतं. जावई टरबुजं घेऊन तळोद्याच्या बाजारात गेलेला. रशिदा गुडघाभर पाण्यात एकटीच उभी होती. त्याने तिला ओढून होडीत घेतलं.

"हिरीबाई कोठे शे?"

रशिदाला रडू आवरेना. "गई ना, अब्बा. तुन्हा नवसना खुंट काढाले गई, आन तिन्हा पायखालनी दरडच खसकनी."

"कसाना नवस?"

"तोच, लाल फडकाना. पाणी जवळ उनं का ती तो उपटे आन मांगे सरकाडीसन रोवे. महिनाभर तेच करी ऱ्हायंती. म्हने, निजामभाऊना नवस शे, पोरना करता बोलना व्हई, पडू देवाना नही. मी म्हनं, अब्बाले इचारस. तर माले दटाडं. नवस कोनले इचारतंस का, म्हने, इचारा का तो फळस नही."

निजामच्या हातातलं वल्हं थांबलं. होडी धारेला लागून फिरू लागली तरी त्याला भान नव्हतं.

"अब्बा, होडी!" रशिदा ओरडली.

"तो नवस नव्हता वं, बेटी," निजाम हंबरडा फोडून म्हणाला. "तो पडाकरताच रोवेल व्हता."