वल्हांडणाची थैली

ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या आधीच्या रविवारी जालन्याच्या छोट्या सिनेगॉगात दानाची कापडी थैली फिरायची; ज्याला जमेल त्यानं टाकायचं, ज्याला नड असेल त्यानं उचलायचं. प्रत्येकानं मूठ बंद करूनच आत घालायची आणि बंदच बाहेर काढायची. कुणी टाकलं, कुणी उचललं, हे बोलायचं नाही, असा रिवाज.

बदनापूरच्या मोझेलबाईनं वीस वर्षं टाकलंच होतं. पण शिलाई मशीन जळालं आणि आज तिला पहिल्यांदाच उचलायचं होतं. तळहाताला घाम फुटला होता. मेलं, तोंडावरनं कळलं तर?

तिच्याआधी अकरा मुठी आत जाऊन आल्या होत्या. तिनं हात घालून चाचपलं. थैली रिकामी होती. वर पाहिलं, तर सगळ्यांच्या माना खाली.

"जल्दी कर, पोरी," मागून शालोमकाका पुटपुटले. रांगेत तेच शेवटचे. तेही तळहाताचा घाम सदऱ्याला पुसत होते, अगदी तिच्यासारखाच फुटलेला.

मोझेलबाईनं हात बाहेर काढला. खोकल्याचं निमित्त करून पोलक्यातली गाडीभाड्याची नोट मुठीत घेतली आणि मूठ पुन्हा आत घातली.

आता मात्र सगळ्या माना वर झाल्या. बाईनं दोनदा उचललं, असंच सगळे समजणार होते. आणि रिवाजाप्रमाणं तिला काही बोलता येत नव्हतं.