आवाज धुणारा डबा

डोंगरातल्या नारिन गावच्या सांस्कृतिक भवनात त्या शनिवारी सकाळी खुर्च्या कमी पडल्या. भवनाची राखण करणाऱ्या बुरमाआपाने एवढी गर्दी मागच्या निवडणुकीत पाहिली होती, आणि तेव्हा तर पुलाव फुकट होता. आज नुसता आवाज मिळणार होता.

मंचावर भवनाचा जुना कॉम्प्युटर होता. त्याला अक्रोडाच्या लाकडाचा एक चकचकीत डबा जोडला होता आणि डब्याला जाडजूड काळा हेडफोन. शेजारी पितळी ताटलीत आर्चाच्या, डोंगरातल्या त्या सुवासिक झुडपाच्या, फांद्या धुमसत होत्या. घरात बाळ आले किंवा कोणी आजारी पडले, की घरोघर फिरवतात ती आर्चाची धुरी. त्या धुरामागे डबा विकायला आलेला रिसपेक उस्ताद हात जोडून उभा होता.

"मंडळी, कॉम्प्युटरला वीज कुठून येते?" त्याने विचारले. "धरणातून. शंभर गावं ओलांडून. वीज गेली की प्रत्येक गावात लोक तिला काय काय बोलतात ते मी बायकामाणसांसमोर सांगत नाही. ते सगळं तारेत बसतं. तीच मळकी वीज तुमच्या गाण्याला लागते."

"आमच्याकडे ती येतच नाही, म्हणून आमची गाणी स्वच्छ," मागून कोणीतरी म्हणाले.

उस्तादही हसला. "या डब्यात आर्चाची नळी आहे. सात दिवस धुरीत ठेवलेली. ही कळ खाली असली की आवाज सरळ जातो, मळका. कळ वर केली की आर्चातून जातो, धुऊन निघतो. पण मी कशाला सांगू? आधी थोरांनी सांगावं."

त्याने हेडफोन अदबीने सातिबाल्दीआजोबांपुढे धरला. सभागृहात वयाने सर्वांत थोर तेच. त्यांनी उंच पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि डोळे मिटले.

तिसऱ्या रांगेत बसलेली त्यांची नात झिबेक सावरून बसली. कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते तिला ठाऊक होते. तिची आजी सालीमा दातांत धरून वाजवायचे लोखंडी वाद्य वाजवीत असे. रेडिओवाल्यांनी एकदा तिचे वादन टेपवर घेतले होते. आजी जाऊन सहा वर्षे झाली. ती टेप आता कॉम्प्युटरमध्ये होती, आणि आजोबा ती रोज ऐकत.

कळ खाली होती तोवर आजोबांचा चेहरा हलला नाही. उस्तादाने डब्यावरून धूर फिरवला आणि कळ वर केली. थोड्या वेळाने आजोबांनी डोळे उघडले.

"हसली," ते म्हणाले. "वाजवून झाल्यावर ती हसली. इतकी वर्षं ऐकतोय, हे हसू मला कधी ऐकूच आलं नव्हतं."

मग बाकीच्यांनी ऐकले. नारिनमध्ये थोर माणूस आधी बोलतो, आणि तो बोलल्यावर त्याच्या शब्दात कोणी खोट काढत नाही. दहा जणांनी हेडफोन लावला, दहाही जणांना कळ वर गेल्यावरच सालीमा भेटली. एकाला तर तिने चहा घेतलेला होता हेही कळले.

"उद्या जनावरांच्या बाजारानंतर करड्या घोडीचा लगाम तुझ्या हातात देतो," आजोबा उस्तादाला म्हणाले. "डबा माझा."

झिबेक हिशेब करू लागली. पंधरा दिवसांनी कळप वरच्या कुरणांवर निघणार होते. घोडी नसेल तर आजोबा उन्हाळाभर लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून राहणार. शहात्तराव्या वर्षी एकदा सुटलेला डोंगर पुन्हा मिळत नाही.

झिबेक शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती. तिनेही हेडफोन लावून पाहिला होता, आणि खरे सांगायचे तर दुसरा आवाज तिलाही जास्त छान वाटला होता. तेच तिला खटकत होते. आर्चाचे लाकूड आवाजाचे काही करू शकेल याला कारण सापडत नव्हते, पण कान खोटे बोलत नव्हते. मग कान नेमके काय सांगत होते?

ती उठली. "आजोबा, घोडी घेताना तुम्ही आधी काय बघितलं होतं?"

"दात."

"मग डब्याचे दात मला बघू द्या."

"पोरी," उस्ताद गोड आवाजात म्हणाला, "थोरांचा शब्द झाल्यावर..."

"थोरांना विचारूनच करतेय, उस्ताद. तुमचा आवाज स्वच्छ आहे ना? मग भीती कसली?"

आजोबांनी टोपी डोक्यावर घातली. "बघू दे तिला."

शाळा रस्त्यापलीकडेच होती. झिबेक मल्टिमीटर घेऊन आली, कॉम्प्युटरवर एकसारखा गुणगुणणारा सूर लावला आणि हेडफोनच्या जागी मीटरची टोके धरली. कळ खाली: शून्य पूर्णांक दोन व्होल्ट. कळ वर: शून्य पूर्णांक तीन. दीडपट.

"काय म्हणतोय काटा?" बुरमाआपाने विचारले.

"काटा नाही, आकडे आहेत, आपा. थोडं थांबा."

तिने टेबल पडद्यामागे नेले आणि हेडफोनची लांब तार बाहेर सोडली. प्रत्येकाला तोच तुकडा दोनदा ऐकवायचा, एकदा कळ खाली, एकदा वर. आधी कुठले, ते नाणे उडवून ठरवायचे. मात्र दोन्ही वेळा कॉम्प्युटरवरचा आवाज कमीजास्त करून मीटरवर आकडा एकच आणायचा. ऐकणाऱ्याने न बोलता चिठ्ठीवर आपले नाव आणि 'पहिला' किंवा 'दुसरा' लिहायचे.

"आणि आजोबा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "आज तुम्ही शेवटी सांगा."

सभागृहात चुळबुळ झाली. असे नारिनमध्ये कोणी कोणाला सांगत नसे. आजोबांनी नातीकडे क्षणभर पाहिले आणि हेडफोन शेजारच्याकडे दिला.

उस्ताद पडद्याबाहेर धूर फिरवत राहिला. त्याला कोणी अडवले नाही.

आजोबांची शेवटची धरून दहा चिठ्ठ्या झिबेकने मोठ्याने वाचल्या. धुतलेला आवाज पाच जणांनी बरोबर ओळखला, पाच जणांनी चुकीचा. नाणे उडवले असते तरी साधारण तेवढेच जमले असते.

"पोरीने धुराला घाबरवलं," उस्ताद म्हणाला. "मीटर दाखवलं की आर्चा रुसते."

"आता रुसवा काढते," झिबेक म्हणाली आणि पुन्हा पडद्यामागे गेली. या वेळी तिने कळ खालीच ठेवली, शेवटपर्यंत हलवलीही नाही. दोनांपैकी एकदा फक्त आवाज किंचित वाढवला. चिठ्ठ्या आल्या, तेव्हा दहापैकी नऊ जणांना त्याच वेळी आवाज धुतलेला वाटला होता.

"आणि ते चहाचं?" बुरमाआपाने चहा ऐकलेल्या त्या माणसाला विचारले.

आजोबा उठून मंचावर आले. "उस्ताद, या डब्याचं तोंड उघड."

"उघडलं की गुण जातो, आजोबा."

"घोडीचं तोंड उघडल्यावर घोडी राहतेच."

झिबेकने स्क्रू काढले. आत साधा छोटा ॲम्प्लिफायर होता आणि डबा हाताला भारदस्त लागावा म्हणून नदीतला एक गोटा. आर्चाचा तुकडाही होता, दोऱ्याने बांधलेला. तार मात्र त्याच्या जवळूनही जात नव्हती. कळीला एक रेझिस्टर जोडला होता. कळ खाली असली की तो आवाज कमी करी, वर केली की बाजूला होई.

"म्हणजे हा डबा आवाज धूत नव्हता," बुरमाआपा म्हणाली. "आधी मळवत होता."

"हो. थोडा मोठा आवाज आपल्याला मोठा वाटतच नाही, चांगला वाटतो. माझेही कान फसले."

आजोबांनी उघडा डबा निरखला. "पण ती हसली, झिबेक. ते मी ऐकलं."

"हसलीच होती, आजोबा. वय झालं की बारीक, उंच सूर कानातून आधी जातात. आजीचं वाद्य तर सगळं त्याच सुरांचं."

"म्हणजे मळ माझ्या कानात?"

"मळ नाही. कान जुने झालेत. सोमवारी डॉक्टरकडे जाऊ."

तिने डबा काढून टाकला, शाळेतला साधा हेडफोन थेट कॉम्प्युटरला लावला, तो आजोबांच्या कानांवर नीट बसवला आणि आवाज वाढवायची कळ त्यांच्या बोटाखाली दिली. "हळूहळू वाढवा. कानाला लागेल एवढा नको."

सभागृह वाट पाहत राहिले. आजोबांचे बोट हलत गेले, मग थांबले. त्यांनी मान डोलावली. कोणी न धुताही सालीमा हसली होती.

रिसपेक उस्ताद गोटा आणि डबा उचलून मागच्या दाराने केव्हा गेला ते कोणी पाहिले नाही. धुमसती ताटली तेवढी राहिली.

मग जो तो झिबेकला विचारू लागला की हेडफोन घ्यायचा तर कुठला घ्यावा. तिने सांगितले ते अगदी साधे होते. खरा फरक हेडफोनमध्येच असतो, तेव्हा आधी तो कानाला सोसतो का ते बघा. बहुतेक हेडफोनना कॉम्प्युटरचा आवाज पुरतो. कळ पूर्ण वाढवूनही कमी पडला किंवा खरखर आली, तरच साधा ॲम्प्लिफायर घ्या. आणि दोन वस्तूंत निवडायचे तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, डोळे मिटा, शेजारचा काय म्हणतो ते कळायच्या आत आपले उत्तर लिहून टाका. जे खरे आहे ते एवढ्या परीक्षेला पुरून उरते. परीक्षा म्हटली की जे रुसते, त्यासाठी घोडी देऊ नका.

बाहेर करडी घोडी खांबाला बांधलेली होती. आजोबांनी लगाम सोडला आणि रिकिबीत पाय घातला.

"पुढच्या वेळीही," ते म्हणाले, "मी शेवटी बोलेन."