घागरीवरचं नाव

लग्नघरात भांडणाला कारण लागत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पंच्याण्णव साली आष्ट्याच्या हंबीररावांच्या घरी मात्र कारण चांगलं लखलखीत होतं. त्यांची धाकटी बहीण क्रांती हिनं भाचीच्या, म्हणजे त्यांच्या मयूरीच्या लग्नासाठी तांब्याची घागर घेतली होती. तिच्यावर नाव घालून आणायचं काम भावावर सोपवलं होतं. "नुसतं क्रांती घाल," असं तिनं बजावलंही होतं.

घागर आली, तेव्हा तिच्यावर ठळक अक्षरं होती: 'सौ. क्रांती वीरधवल माने यांजकडून'.

वाचकहो, हा वीरधवल म्हणजे क्रांतीला माहेरी आणून सोडणारा आणि पुण्यात दुसरा संसार थाटून बसलेला नवरा. ती बाजारपेठेत कपडे शिवते, स्वतःचं पोट स्वतः भरते. घागर तिच्या शिलाईच्या पैशाची, आणि आहेराचा मान त्या महाभागाला!

"दादा, मी काय सांगितलं हुतं?" क्रांती म्हणाली.

"चारचौघांत शोभंल असं घातलंय. पाव्हणं वाचत्यात. नुसतं नाव बघून शंभर सवाल इचारतील."

"आताबी इचारत्यात. सौ. दिसलं की दाजी कुठं हायत म्हणत्यात. श्रीमती दिसलं की कपाळाकडं बघत्यात. मला ह्यातलं कायबी नको."

"मग काय टाकलेली म्हणून घालू?"

क्रांतीनं घागर उचलून भावासमोर ठेवली. "ही तुझ्या मेव्हण्याची हाय, त्याच्याकडनं दे. मी लग्नाला येत न्हाई."

"नको येऊस. शुभकार्यात अपशकुन तरी टळंल," हंबीरराव गरजले.

असं बोलणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत. आपण घराण्याची अब्रू राखतो, अशी त्यांची समजूत असते. खरं तर अब्रू तीच घालवतात.

दोघांची आई मनुबाई इतका वेळ तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं.

"हंबीर, मिल्ट्रीच्या ट्रेनिंगात पाय मोडून परत आलास, तवा गाव तुला काय म्हणायचं?"

हंबीरराव खाली बघू लागले.

"पळपुटा म्हणायचं. तू काठी घिऊन चावडीवर गेला हुतास. मला तसं कुणी म्हणायचं न्हाई म्हणून वरडला हुतास. मग बहिणीला टाकलेली म्हणताना तुझी जीभ झडली कशी न्हाई?"

"आई, ते येगळं हुतं."

"काय येगळं? मला गाव हंबीरची आई म्हणतं, मला ते गोड लागतं. शेजारच्या रंगूबाईला नवऱ्यानं सोडलं, तरी ती सौ. लावती. तिला पायजे, तिनं खुशाल लावावं. हिला नको, तर नको. दुसऱ्यानं चिकटवलेलं नाव गोचडीवाणी रगात पितं, बाबा."

दुसऱ्या दिवशी हंबीरराव घागर घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले आणि त्या अक्षरांवरून वेलबुट्टी काढून आले. खाली जागा मोकळी ठेवली होती. "चुकलं माझं," ते बहिणीला म्हणाले. "तुला पायजे ते तूच घालून घे."

क्रांतीचा राग काही एवढ्यानं गेला नाही. पण ती स्वतः दुकानात गेली, आणि लग्नालाही आली.

मांडवात आहेर न्याहाळत बसलेले भाऊसो काका घागरीपाशी थबकले. "नुसतं क्रांती? अरं हंबीर, सौ. का श्रीमती? कुणाची कोण म्हणायची ही?"

सगळा मांडव कान देऊन ऐकत होता. हंबीररावांनी एकदा बहिणीकडं पाहिलं. "काका, ती हितंच उभी हाय. तिलाच इचारा. ती सांगंल तेवढंच खरं."

"मयूरीची आत्या," क्रांती म्हणाली. "बास एवढंच."

बंधुभगिनींनो, कुणी एखादं बिरुद हौसेनं मिरवावं, कुणी एकही घेऊ नये. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. तुमच्या घरी लग्न निघेल तेव्हा भांड्यावर नाव घालण्याआधी जिचं भांडं आहे, तिला विचारा. तेवढंही जमत नसेल, तर भांडं कोरं ठेवा आणि तोंड बंद ठेवा.