संत तिबुर्झिओ अडून बसतात

"जड झाले! संत जड झाले!"

गल्लीत एकच कल्ला उठला. बँडवाल्यांचे कर्णे मध्येच थांबले, बायकांनी भराभर छातीवर क्रूस काढले. संत तिबुर्झिओंची पालखी मफाल्दाबाईंच्या लिंबाच्या बागेसमोर अडली होती. मागचे सहा जण जीव खाऊन रेटत होते, पुढचे चौघे आडदांड गडी मोठमोठ्याने कण्हत होते, आणि पालखी तसूभरही सरकत नव्हती. संत जिथे जड होतात तिथे त्यांना काहीतरी हवं असतं, हे त्या गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं.

काय हवं ते सांगायला बाबा गाउदेन्झिओ हजरच होते. तपकिरी झगा, छातीपर्यंत दाढी, दोन वर्षांपूर्वी कुठूनशा डोंगरातून उतरलेले. त्यांनी मूर्तीच्या पायांशी कान लावला.

"ऐकतोय महाराज, ऐकतोय! संत म्हणतात, देवळात माझं अंग आखडलं. मला या बागेत मठ हवा. आणि मठाचा कारभार, म्हणतात, तूच बघ रे गाउदेन्झिओ. मी नको नको म्हणतोय, पण ऐकतच नाहीत!"

"देऊन टाक बाग, मफाल्दा!" गर्दी ओरडली.

त्या बागेवर मफाल्दाबाईंचं पोट होतं. तरी त्यांनी कमरेची किल्ली सोडली. "संतांना नाही कसं म्हणू गं?" त्या भाचीला म्हणाल्या.

भाची एर्सिलिया गावच्या शाळेत मास्तरीण होती. तिला संतापही आला होता आणि हसूही आवरत नव्हतं. "आत्या, थांब जरा. संत एवढे जड झाले, मग दांडे का वाकले नाहीत? सकाळी होते तसेच आहेत की!"

मग तिने खाली पाहिलं. मागच्यांचे चवडे फरशीवर रोवलेले होते, ते खरोखर पुढे ढकलत होते. पुढच्यांच्या मात्र टाचा रोवलेल्या आणि अंगं मागे रेललेली! एकच दार दोघांनी दोन्हीकडून तेवढ्याच जोराने रेटलं तर ते हलत नाही, पण म्हणून दार जड झालं असं कुणी म्हणत नाही.

शेजारी ओरेस्ते न्हाव्याचं दुकान. सणाच्या दाढ्यांमुळे साबणाच्या पाण्याने टब काठोकाठ भरलेला. एर्सिलियाने तो उचलला आणि पुढच्या चौघांच्या पायांखाली धाडकन ओतला.

"अगं पोरी, वेड लागलं का!" बाबा ओरडले.

टाचांची पकड सुटली आणि पालखी सुटली! दांड्यांना लोंबकळत चौघे घसरू लागले. त्यांच्यामागून सहाही जण साबणात शिरले. आता थांबवणार कोण आणि कशाच्या आधारावर? एवढं वजन एकदा चालू लागलं की सहजी थांबत नाही. बँडवाले भिंतींना चिकटले. "थांबा महाराज, थांबा!" करत बाबा मागून धावले. कोरडी फरशी लागली तेव्हा कुठे पाय टिकले आणि पालखी थांबली, थेट आर्दुइनो खाटकाच्या दुकानासमोर.

"बाबा, नियम म्हणजे नियम," ओरेस्ते म्हणाला. "संतांना आता खाटकाचं दुकान हवंय!"

आर्दुइनो आतापर्यंत बागेसाठी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. तो दारात आडवाच उभा राहिला. "माझं दुकान? अहो, कसले संत आणि कसलं काय! साबण आहे तो, साबण! मास्तरीणबाईंनी ओतताना मी पाहिलाय!"

गल्ली पोट धरधरून हसली. पुढच्या चौघांतला एक जण दांडा खाली टेकवून ओशाळून म्हणाला, "आम्हाला नका हसू. मी खोकलो की टाचा रोवा, असं बाबांनीच शिकवलं."

बाबांना आता खराखुरा ठसका लागला. झगा गोळा करून ते जे पळाले ते डोंगराच्याच दिशेने.

मफाल्दाबाईंनी किल्ली पुन्हा कमरेला खोचली. "संतांवर माझी भक्ती आहे ती राहील. पण त्यांना काही हवं असेल तर त्यांनी माझ्याशीच बोलावं. मध्ये दलाल नको."

"आणि एवढं लक्षात ठेवा," एर्सिलिया सगळ्यांना म्हणाली. "संतांचं वजन सकाळी होतं तेवढंच आहे. चालती पालखी कुणीतरी अडवल्याशिवाय अशी अडत नाही. संतांना काय हवं ते मागाहून विचारा, आधी वाकून बघा, कोणाच्या टाचा रोवल्या आहेत."