नावापुढचा शब्द

पेंटरनं नव्या दुकानाच्या बोर्डावरचं कापड ओढलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काय लिहायचं ते तिने कागदावर लिहून दिलं होतं. शिलाई मशीन दुरुस्ती, खाली तिचं नाव, आणि नावापुढे मिस्त्री. बस. त्या एका शब्दापायी तिने अकरा वर्षं मामाच्या दुकानात हात काळे केले होते. मशीन खोलायची ती, जुळवायची ती, आणि गिऱ्हाईक आभार मानायचं मामाचे. तिला सगळे बाई म्हणायचे, फार तर ताई. अख्ख्या गल्लीत तिला मिस्त्री म्हणणारा एकच, हा पेंटर, शाळेपासूनचा दोस्त. "काय मिस्त्री, जेवलात का?" एवढं तो म्हणाला की तिचा दिवस सरळ जायचा.

आणि त्याच दीडशहाण्यानं आज तिच्या स्वतःच्या दुकानावर लिहिलं होतं, 'माझ्या राणीचं दुकान'. शेजारी लाल बदाम, परातीएवढा.

उद्घाटनाला जमलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. मामा हसला. मावशी कानाशी लागली, "अगं, हो म्हण की. सोन्यासारखा मुलगा आहे."

"लाजतेय ती," मागून कोणीतरी म्हणालं. लाजतेय म्हणे. रागानं तिच्या कानांच्या पाळ्या जळत होत्या.

पेंटर जवळ आला. "आवडलं?"

"मिस्त्री कुठे गेलं?"

"अगं, तसलं काय, कोणीही लिहितं. हे मनातलं आहे."

"मन तुझं. दुकान माझं आहे."

तो पुढे काही बोलणार, तेवढ्यात एक शिंपी बिघडलेलं मशीन उचलून गर्दीतून आत शिरला. त्यानं बोर्ड वाचला, तिच्याकडे पाहिलं, पेंटरकडे पाहिलं, आणि मशीन सरळ पेंटरच्या हातात दिलं. "मिस्त्री, टाके सुटतायत. बघता का जरा?"

कोणाला काही खटकलं नाही. मामालासुद्धा नाही.

तिने मशीन टेबलावर ठेवलं, स्टूल ओढलं, पेंटरला बसवलं आणि त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर ठेवला. "बघा की, मिस्त्री."

"चेष्टा पुरे आता."

"चेष्टा तू केलीस, चार लोकांत. आता चार लोकांतच दुरुस्त कर."

त्यानं एक स्क्रू उगाच फिरवला, मग दुसरा. मानेवर घाम आला. "मला येत नाही," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोल."

"मला यातलं काही येत नाही. मिस्त्री ही आहे."

या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. तिने त्याला उठवलं, खालची पट्टी खोलली, अडकलेला दोऱ्याचा गुंता काढला, बॉबिन केसचा स्क्रू आवळला आणि कापडाच्या तुकड्यावर सरळ टीप मारून दाखवली. पेंटरचं बोलणं शिंप्यानं थट्टेवारी नेलं होतं; तो खूश झाला. "वा, बाई. नवऱ्यानं चांगलं शिकवलंय," असं म्हणून मशीन घेऊन गेला.

पेंटर मान खाली घालून उभा होता. ती त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "काल एकटीला विचारलं असतंस, तर हो म्हणाले असते."

"आणि आता?"

"आता माझं गिऱ्हाईक तुला माझा नवरा समजतंय आणि मला तुझी शिकाऊ. शिडी आण, आणि ते पूस."